सहा थंड प्लग

क्लॅरी डॉब्सनने मंगळवारी गाडी चालवणं सोडलं. पण गोष्ट सुरू होते सोमवारी, आणि सोमवारी तसलं काही झालंच नव्हतं. तेव्हा आपणही काही ऐकलेलं नाही.

सोमवारी त्याची मुलगी जनेल कोंडोबोलिन गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात दोन हातांत दोन स्पार्क प्लग धरून उभी होती.

"पाच नंबर," काउंटरमागचा डॅरिल म्हणाला. "तुझ्या बाबाच्या त्या पिकअपला, युटला, अठ्ठेचाळीस वर्षं पाचच लागतो. त्यात डोकं काय चालवायचं?"

"आणि आठ?"

"आठ म्हणजे थंड प्लग. शर्यतीच्या गाडीला. ती युट पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिते, आणि थंड प्लगला स्वतःवरची काजळी जाळता येत नाही. चार वेळा चालू-बंद केली की कोळसा. मग बसा ढकलत."

"सहा दे. आठ नंबरचे."

डॅरिलने वर पाहिलं. त्याची बायको शाळेसमोर फलक धरून पोरांना रस्ता ओलांडून देते. महिन्यापूर्वी क्लॅरीने बोलिंग क्लबच्या हिरवळीवर मधोमध युट लावली आणि सामना संपेपर्यंत आत बसून टाळ्या वाजवल्या, तेव्हा सगळं गाव पोट धरून हसलं होतं. मागच्या गुरुवारी डॅरिलच्या बायकोला फलकासकट गटारात उडी मारावी लागली, तेव्हा कुणी हसलं नाही. क्लॅरीला ती दिसलीच नव्हती.

वयाची पंच्याऐंशी झाली की सरकार शेजारी बसून तुमची गाडी चालवून बघतं. क्लॅरीची पाळी बुधवारी होती, आणि परीक्षा घेणारा त्याच्याच हाताखाली क्रिकेट शिकलेला. तो काही नापास करणार नव्हता. गाडी सोड, असं जनेलने बापाला तीनदा सांगून पाहिलं होतं. तिन्ही वेळा त्याने कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं.

"खोक्यावरचं त्याला वाचता यायचं नाही," डॅरिल हळूच म्हणाला. "आणि मी तुला काही विकलेलं नाही."

घरी क्लॅरी शेडपाशी उलट्या डब्यावर बसला होता. युटचं बॉनेट उघडं होतं. त्याने खोक्याकडे पाहिलंही नाही. एक प्लग घेतला, खिशातून आगकाडी काढली आणि प्लगच्या तोंडात घातली.

जनेल सात वर्षांची असताना अशीच आगकाडी त्याच्या हातात देत असे. पाच नंबरच्या गरम प्लगमध्ये काडी खोल जाते. ही लगेच अडली.

त्याने दुसरा प्लग घेतला. मग तिसरा. सहाही तपासून झाल्यावर त्याच काडीने त्याने शांतपणे कान कोरला.

"डॅरिलने दिले?"

"मी निवडले."

"हं." तो डब्यावरून उठला. "पाना दे."

सहाही प्लग त्याने स्वतःच्या हाताने बसवले. एकही वाकडा गेला नाही.

मंगळवारी दुपारी जनेल बटाटे सोलत होती. बाहेर युट सुरू झाली. तिचा हात थांबला. पण गाडी जागची हलली नाही. लगेच बंद झाली. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या खेपेला इंजिन खोकलं. पाचव्यांदा नुसताच स्टार्टर घरघरला आणि थांबला. त्यानंतर गाडीचं दार उघडायला फार वेळ लागला.

क्लॅरी आत आला आणि सिंकवर हात धुऊ लागला. हात मुळात स्वच्छच होते.

"बसली म्हातारी," तो म्हणाला.

"बाबा, मी डॅरिलकडून पाच नंबरचे आणून…"

"गप गं. आजारी म्हातारीला छळू नये." तो टेबलाशी बसला. "कागद घे. परवाना खात्याला लिहायचंय. आणि जरा वाचता येईल असं लिही, डॉक्टरसारखं खरडू नको."

जनेलने हात पुसले. त्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं, तिने लिहून घेतलं:

"अर्जदाराचे वाहन अचानक आजारी पडल्याने उद्याच्या परीक्षेस हजर राहू शकत नाही. चालकाची प्रकृती व दृष्टी उत्तम आहे. तरी वाहनास पूर्ण आराम पडेपर्यंत चालकाचा परवाना आहे तसा चालू ठेवावा, तसेच सदर आजारपणाची नोंद वाहनाच्याच नावे करावी, चालकाच्या नव्हे, ही नम्र विनंती."