लांब वायर

“म्याडम, वायर इथपर्यंत पुरत नाई,” खांबापाशी उभा राहून मुकेश म्हणाला.

पवनारजवळच्या त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मुकेश मशीनवर कापूस टाकायचा. कापसातून खडा आला की रोलरमध्ये ठिणगी पडे आणि रुई आतल्या आत धुमसू लागे. ती ठिणगी कॅमेऱ्याने टिपून मशीन लगेच बंद करणारं यंत्र लीना आणि अच्युत बनवत होते. दोघंही पिपरी मेघेतले, एकाच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे. कॅमेऱ्याची चित्रं गोळा करणारं सर्किट त्यांनी स्वतः रचलं होतं. ती चित्रं कॉम्प्युटरपर्यंत कोणत्या वायरीतून न्यायची, एवढंच ठरायचं होतं.

यूएसबी वेगवान होती आणि सर्किटवर चालूही झाली होती. पण तिची वायर आखूड. कॉम्प्युटर मशीनशेजारीच, धुळीत आणि हादऱ्यांत ठेवावा लागला असता. नेटवर्कची वायर पार ऑफिसपर्यंत जाई, तिचं टोक घट्ट अडकून बसे. मात्र वेग कमी, म्हणून बिनकामाची चित्रं सर्किटनेच गाळायला हवी होती. ते काम नव्याने करायचं म्हणजे दिवाळी उलटणार होती आणि तोवर कापसाचा सीझन सुरू होणार होता.

“आता यूएसबीवरच लावून टाकू,” अच्युत म्हणाला. “पुढच्या सीझनले बदलवू. काहीच नसल्यापेक्षा बरं.”

“वायर हलली आन् तेव्हाच ठिणगी पडली तर? यंत्र पाहून राह्यलं म्हणून माणसं निर्धास्त राहतील. मले ते नाई चालणार,” लीना म्हणाली.

जिनिंगमालक हिरालालने निर्णय तिच्यावर सोडला. लीनाने नेटवर्क निवडलं. कॉलेज सुटलं की ती कामाला बसे, चुका शोधी, पुन्हा तपासी. सीझन सुरू झाला तेव्हा काम जवळजवळ होत आलं होतं.

तेवढ्यात एका दुपारी जिनिंगमध्ये आग लागली. धुमसणारी रुई ढिगापर्यंत जाऊ नये म्हणून मुकेशने ती दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढली. ढीग वाचला. मुकेशचे हात भाजले; बोटं आखडून गेली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत.

यंत्र त्यानंतर बसलं. पहिलीच ठिणगी पडली आणि मशीन जागच्या जागी थांबलं. हिरालालने पेढे वाटले. अच्युतने पेढा घेतला आणि तसाच टेबलावर ठेवून दिला. लीनाला ते सोसवेना.

ती मुकेशच्या घरी गेली. त्याची बायको काजल त्याला जेवू घालत होती.

“ते ठिणगीचं मशीन लागलं म्हणते, म्याडम?” मुकेशने विचारलं.

“हो. चांगलं चालून राह्यलं.”

“बरं झालं. आता दुसऱ्या कोणाचं असं नाई होणार.”

काजलने घास कुस्करता कुस्करता वर पाहिलं. “एक तयार होतं म्हणे अगोदर. मंग काऊन नाई लावलं?”

लीना आखूड वायरीबद्दल, हादऱ्यांबद्दल सांगू लागली. कॉलेजात हेच ती किती सहज पटवून देई. इथे दोन वाक्यांतच ती थांबली.

“मले वाटलं, पक्कं करूनच लावावं,” ती म्हणाली.

काजलने मान हलवली आणि घास पुढे केला. मुकेशने तोंड उघडलं नाही. तो भिंतीकडे पाहत राहिला. आपल्यासमोर तो भरवून घेणार नाही, हे लीनाला कळायला थोडा वेळ लागला. ती उठली, येते म्हणाली आणि दाराबाहेर येऊन चप्पल घालू लागली.

आतून काजलचा आवाज आला, “गेल्या त्या. आता खा.”