सातवं कलम आणि अर्धी बादली

वरच्या बाईंना पाण्यासाठी कधी थांबावं लागलं नव्हतं. उलट पाणीच त्यांच्यासाठी थांबायचं. नदी त्यांच्या देशात उगम पावायची, त्यांच्या धरणात येऊन मुकाट बसायची आणि बाईंनी सही केली की मगच पुढच्या देशात जायची. बाई त्या धरणाच्या मुख्य अभियंता होत्या. पुढच्या देशाच्या पाणीखात्याच्या प्रमुखही बाईच. दोन्ही देशांच्या पाणीवाटप समितीत एकीला सगळे वरच्या बाई म्हणत आणि दुसरीला खालच्या बाई.

समिती कित्येक वर्षं बसत होती, चहा पीत होती आणि उठत होती. घोडं अडलं होतं सातव्या कलमाशी. पूर्वीचा पाऊस जुन्या कारकुनासारखा होता. कुरकुरत का होईना, पण ठरल्या दिवशी हजर. हल्लीचा पाऊस लांबच्या पाहुण्यासारखा झाला होता. न सांगता येणार, चार दिवसांत घर डोक्यावर घेणार आणि मग वर्षभर तोंड दाखवणार नाही. तर अशा टंचाईच्या वर्षी वरच्यांनी खाली किती पाणी सोडायचं, आणि सोडता येणार नसेल तर आगाऊ कळवायचं की नाही, हे सातव्या कलमात लिहायचं होतं.

"सगळं तुम्हीच अडवून बसलाय! निदान आधी सांगायचं तरी," खालच्या बाई दर बैठकीत म्हणत.

"पाऊस आम्हाला विचारून पडत नाही. आम्ही तुम्हाला काय सांगणार?" वरच्या बाई दर बैठकीत उत्तर देत. यावर त्यांच्या बाजूचे सगळे माना डोलवत आणि चहा येई.

अशातच वरच्या बाईंच्या मुलीने आणि खालच्या बाईंच्या मुलाने परदेशात शिकता शिकता परस्पर लग्न उरकून घेतलं. दोन देशांमध्ये समितीला न विचारता झालेला हा पहिला करार. दोघी एकमेकींच्या विहीणबाई झाल्या, पण कलम जागचं हललं नाही.

शेवटी दोन्ही सरकारं कंटाळली. या बैठकीत निकाल लागला नाही, तर समिती बरखास्त आणि ज्याने त्याने आपापलं बघायचं असं ठरलं. वरच्यांना त्यात काळजी नव्हती. खालच्यांना मात्र येता उन्हाळा सरळ समोर दिसत होता. बैठकीसाठी तटस्थ देश निवडला होता. तिथल्या पावसानेही त्या वर्षी तटस्थच राहायचं ठरवलं होतं. पाहुण्यांच्या हॉटेलने आधी टॉवेल आठवड्यातून एकदाच धुतले जातील अशी पाटी लावली, मग हॉटेललाच कुलूप लावलं. नेमकं त्याच शहरात मुलगी आणि जावई राहत होते, आणि महिन्याभरापूर्वीच त्यांच्याकडे छकुली जन्मली होती. दोन्ही आज्यांचा मुक्काम अर्थातच तिथे पडला.

मुलीने दारातच तंबी दिली. "आई, आणि अहो आई, तुम्हीही ऐका. या घरात पाण्याचा विषय काढायचा नाही."

घर जुनं, दुमजली. गच्चीवरची टाकी फुटलेली, त्यामुळे पाणी थेट रस्त्याच्या पाइपातून यायचं, तेही सकाळी घटकाभर. वरची खोली हवेशीर म्हणून मान देऊन वरच्या बाईंना दिली. खालच्या बाई स्वयंपाकघराशेजारी झोपल्या.

बैठकीच्या दिवशी सकाळी वरच्या बाई न्हाणीघरात गेल्या. जन्मभराच्या सवयीने त्यांनी आधी डोक्याला साबण लावला. चांगला फेस काढला. मग नळ उघडला. नळाने घसा खाकरला, आता भाषण करणार असं वाटलं, आणि एक थेंबही न बोलता तो गप्प झाला.

बाई गाऊन गुंडाळून, एक डोळा मिटून, जिन्यात आल्या. जावई कामावर गेला होता. मुलगी रात्रभर जागून आत्ता कुठे बाळाशेजारी आडवी झाली होती. खाली स्वयंपाकघरात खालच्या बाई जन्मभराच्या त्यांच्या सवयीने नळ सोडून दिसेल ते भरत होत्या. बादली, पातेली, कुकर, फुलदाणीसुद्धा.

"विहीणबाई," वरच्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "खाली... येतंय का?"

"काय येतंय का?"

"तेच. ज्याचा विषय काढायचा नाही."

"येतंय की! धारेला जोर नाही, पण येतंय. का हो, तुमच्याकडे नाही?"

"असतं तर या अवतारात जिन्यात उभी राहिले असते का? अहो, तुमचा नळ चालू असला की वर चढणार कसं? सगळं तुम्हीच अडवून बसलाय!"

खालच्या बाईंनी फुलदाणी सावकाश ओट्यावर ठेवली.

"विहीणबाई, हे वाक्य माझं आहे."

वरच्या बाईंच्या दुसऱ्या डोळ्यातही साबण गेला. "निदान आधी सांगायचं तरी! मी साबण लावला नसता."

"हेही माझंच," खालच्या बाई म्हणाल्या. "आणि नळ मला विचारून येत नाही. मी तुम्हाला काय सांगणार?"

वरच्या बाईंनी हे उत्तर अनेक वर्षं दिलं होतं. ते ऐकायला कसं लागतं, हे त्यांना आज कळलं. ते फारच वाईट लागत होतं.

खालच्या बाईंनी नळ बंद केला, पण तेवढ्यात पाणीच गेलं. वर काही नाही, खाली काही नाही. झाकलेली पातेली छकुलीची आणि स्वयंपाकाची, तिकडे तर बोटही लावायचं नव्हतं. उरली खालच्या बाईंच्या आंघोळीची एक बादली. त्यांनी दुसरी रिकामी बादली ओढली, निम्मं पाणी तिच्यात ओतलं आणि ती घेऊन जिना चढल्या.

वरच्या बाईंनी बादलीला हात लावला नाही. आयुष्य वाटाघाटीत गेलेलं. "अट काय?"

"अट कसली? डोळे बघा, टोमॅटो झालेत नुसते."

"तरी पण?"

"बरं, बादली परत आणून द्या. धड कडी असलेली ही एकच आहे."

दरवाजे उघडून अख्खी नदी सोडणाऱ्या बाईंनी त्या दिवशी अर्ध्या बादलीत केस धुतले. प्रत्येक मगाभर पाणी ओतताना जीव वरखाली होत होता. फेस सगळा गेला नाही, पण बाईंनी दोन मग पाणी शिल्लक पाडलं आणि बादली खाली नेऊन दिली.

"हे उरलं," त्या जरा ऐटीतच म्हणाल्या.

"अगं बाई! न मागता वरून खाली आलेलं पहिलं पाणी," खालच्या बाई म्हणाल्या, आणि त्याने त्यांनी तोंड धुतलं.

बैठकीत वरच्या बाई चिकट केसांनी उभ्या राहिल्या आणि कागद न बघता सातवं कलम सांगू लागल्या. टंचाईच्या वर्षी आधी दोन्हीकडच्या पिण्याचं बाजूला काढायचं. उरेल ते निम्मं निम्मं. कमी पडणार अशी नुसती शंका आली, तरी लगेच कळवायचं.

शेजारी बसलेल्या उपअभियंत्याची पेन्सिल पडली. "मॅडम, याला आधार? कुठला अभ्यासगट?"

"प्रत्यक्ष पाहणी."

"कधी केलीत?"

"आज सकाळी. डोळे मिटून."

अध्यक्षांनी समोर पाहिलं. खालच्या बाई सवयीने हरकत घ्यायला उठल्या. हरकतच सापडेना, तेव्हा खाली बसल्या आणि सही करायला पेन मागितलं.

संध्याकाळी जिन्यावरून हाक आली. "विहीणबाई, उद्या डोकं नीट धुणार आहे. आगाऊ कळवतेय."

"नोंद घेतली. तेवढा वेळ मी खालचा नळ बंद ठेवते. पण आधी छकुलीचं."

"ते कलमातच आहे."

छकुलीला खांद्यावर घेऊन मुलगी दारात आली. "घरात पाण्याचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"पाण्याचा कुठे?" खालच्या बाई म्हणाल्या. "साबणाचा चाललाय."