नाटकात गेलेली नऊवारी

मित्रांनो, मी हिरव्या अंगाची, तांबड्या काठाची नऊवारी साडी आहे. माझी मालकीण दगडाबाई मला लुगडं म्हणते. तिनं मला खर्डा गावच्या बाजारातून आणलं, त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या अंगावर मी खुरपणी केली, लग्नं पाहिली, ऊसतोडीला गेल्यावर पाचटाचे ओरखडे सोसले. चुलीच्या ठिणगीनं पडलेलं एक भोक सोडलं, तर माझं बरं चाललं होतं.

मग ती दुपार आली. दगडाबाईचा मुलगा कानिफनाथ आणि त्याचा थोरला चुलतभाऊ बजरंग यांची विहीर सामाईक होती. मोटार चालवायची पाळी कोणाची, यावरून दोघांची जुंपली. बजरंग नुकताच जेवायला बसला होता. कानिफनाथनं बाजूला पडलेली पहार उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. बजरंग जागच्या जागी गेला.

आरडाओरडा ऐकून दगडाबाई धावली, म्हणून मीही तिथे होते. बजरंगची बायको सत्यशीला मात्र ओरडत नव्हती. तिनं आणलेली भाकरी मातीत पडली होती. ती तिनं उचलली, पदरानं पुसली, एक तुकडा मोडला आणि नवऱ्याच्या ओठांना लावला.

"ऊन हाय अजून," ती म्हणाली. "दोन घास खाऊन घ्या."

कानिफनाथ चार पावलांवर उभा राहून बघत होता. पुढे कोर्टात पहार निघाली, पाळीचं भांडण निघालं. भाकरीचं कोणी विचारलं नाही आणि सत्यशीलानंही ते कोणाला सांगितलं नाही.

कानिफनाथला जन्मठेप झाली. तो आपल्याच जिल्ह्यातल्या एका तुरुंगात होता. काही वर्षांनी तिथे पंकजाताई नावाच्या बाई कैद्यांना नाटक शिकवायला येऊ लागल्या. माणसानं मनात साठलेलं बोलून टाकलं की तो बदलतो, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. आणि खोटं कशाला बोलू, काही माणसं बदललीही. सूर्यभान नावाचा एक कैदी महिनोन्‌महिने कोणाशी बोलत नसे. तो तालमीत बोलायला लागला, हसायला लागला.

एकदा ताईंनी सगळ्यांना विचारलं, "डोळे मिटले की काय दिसतं?"

कानिफनाथ म्हणाला, "भाकरी."

त्यानं सगळं सांगितलं. ताईंनी त्यावरच नाटक बसवायचं ठरवलं. बायकोचं काम कानिफनाथ करणार होता, कारण तिथल्यांपैकी तिला त्या वेळी त्यानंच पाहिलं होतं. मेलेल्या नवऱ्याचं काम सूर्यभानकडे आलं. आता लुगडं हवं होतं. भेटीला आलेल्या आईकडे कानिफनाथनं ते मागितलं. पोरगं सुधारतंय, या आनंदात दगडाबाईनं पुढच्या खेपेला मला धुऊन, घडी घालून आणलं. नाटक कशाचं, ते तिनं विचारलं नाही.

तुरुंगाच्या दारात शिपायानं माझे काठ चाचपले. माझी लांबी नऊ वार. एवढं लांब कापड कैद्यांच्या हाती मोकळं ठेवत नाहीत. कोणी गळफास घेईल, ही भीती. म्हणून तालीम संपली की मला पेटीत कुलूपबंद करत. कानिफनाथइतकीच मीही आत होते.

पहिल्या प्रयोगाला तुरुंगाच्या साहेबांनी पाहुणे बोलावले आणि त्यांत सत्यशीलालाही बोलावलं. गुन्हेगाराला माफी मागायची आहे, एवढाच निरोप तिला होता.

"त्यांना नाटकाचं सांगितलंय ना?" पंकजाताईंनी विचारलं.

"सांगितलंय," साहेब म्हणाले. ताईंनी पुन्हा विचारलं नाही.

सत्यशीला पहिल्या रांगेत बसली. कानिफनाथ मला नेसून आला. त्यानं मातीतली भाकरी उचलली, माझ्या पदरानं पुसली, तुकडा मोडला. "ऊन हाय अजून. दोन घास खाऊन घ्या." तोच आवाज, तीच मान. पाहुण्यांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. मित्रांनो, कबूल करते, मलाही तेव्हा बरं वाटलं. माझ्यासाठी कोणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

टाळ्या संपल्यावर सत्यशीला उठली आणि कानिफनाथसमोर उभी राहिली.

"ते माझं हुतं," ती म्हणाली. "संसार गेला, मानूस गेलं. तेवढंच माझ्यापाशी राह्यलं हुतं."

"वयनी, मी माफी—"

"माफीचं ऱ्हाऊ दे. दुसरं काय बी कर. माझं नाव घेऊन शिव्या दे. भाकरीचं करू नको." तिनं हात जोडले. ज्यानं तिचा नवरा मारला, त्याच्यापुढे जोडले.

"न्हाई करनार," कानिफनाथ म्हणाला. माझ्या पदरात त्याचा घाम ठिबकत होता. त्या वेळी तो खरं बोलत होता, असं मला आजही वाटतं.

महिन्याभरानं कैद्यांच्या नाटकांची मोठी स्पर्धा ठरली. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "भाकरीचं काढलं तर नाटकात उरतं काय? पहिला नंबर आण. शिक्षेत सूट मिळायची शिफारस मी स्वतः करतो."

तो ताईंकडे गेला. ताई म्हणाल्या, "तू ठरव." नको, एवढंच म्हणायचं होतं. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही.

सूर्यभान म्हणाला, "त्या बाईनं हात जोडलं हुतं रं."

"तुला काय, तू पुढल्या साली सुटनार," कानिफनाथ म्हणाला आणि माझ्या निऱ्या घालू लागला.

स्पर्धेत त्यानं भाकरी उचलली. या वेळी त्यानं जास्तीचंही घेतलं होतं. तुकडा ओठांना लावून तो हुंदका देत म्हणाला, "संसार गेला, मानूस गेलं. तेवढंच माझ्यापाशी राह्यलं हुतं." सभागृह हमसून रडलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पण मी त्याच्या छातीला गुंडाळलेली होते. ती छाती शांत होती. पडद्यामागे गेल्यावर सूर्यभान त्याला एवढंच म्हणाला, "तुझा हात थरथरला न्हाई." त्यानंतर तो त्याच्याशी बोलला नाही.

पहिला नंबर आला. पेपरात आमचा फोटो आला, नाटकाची चित्रफीत मोबाईलवर गावभर फिरली. सूट मिळाली. कानिफनाथ तुरुंगातून काही दिवसांच्या रजेवर घरी आला आणि त्यानं मला आईच्या हातात दिलं.

दगडाबाईनंही ती चित्रफीत पाहिली होती. पहिल्या प्रयोगानंतर काय झालं, तेही तिच्या कानावर आलं होतं. "तिनं नको म्हनलं हुतं," ती म्हणाली. "तू व्हय म्हनला हुतास."

"सुटायचं हुतं, आई. आन नाटकामुळं मी बदललोय, समदी म्हनत्यात."

दगडाबाईनं त्याचं ताट वाढलं आणि मला काखेत घेऊन ती सत्यशीलाच्या घरी गेली. सत्यशीला दारात धान्य पाखडत होती.

"नाटक कशाचं, ते मला ठावं नव्हतं गं," दगडाबाई म्हणाली. "मीच दिलं हे लुगडं. तुज्या डोळ्यांदेखत जाळते."

सत्यशीलानं माझ्याकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं.

"जाळून काय हुतंय, आत्याबाई. रोज झोपायच्या आधी मला ह्यांचं तोंड दिसायचं. ओठाला भाकरी लावलेलं. आता तिथं तुमचा कानिफ दिसतो. हे लुगडं नेसलेला." ती पुन्हा पाखडू लागली. "ह्यांचं तोंड कसं हुतं, तेच आठवंना झालंय."

दगडाबाईनं मला जाळलं नाही आणि नेसलंही नाही. मी फळीवर पडून आहे, घडीघडीवर विरत चालले आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी नाटकात काम कराल, कोणी गोष्टी सांगाल. दुसऱ्याचं दुःख अंगावर घेण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर जिथलं तिथे ठेवा. मी कापड आहे. जो नेसेल त्याच्या अंगावर मला जावं लागतं. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.