मागची भिंत

घरकुलासाठी घराचा फोटो काढायला साहेब उद्या येणार, हा निरोप गिरजाबाईला मोह वेचतानाच मिळाला. टोपली अर्धीच भरली होती. ती तशीच डोक्यावर घेऊन ती घरी आली, मोह चटईवर वाळत घातले आणि पदर खोचून कामाला लागली. पाहुणा येणार म्हणजे घर सारवायचं, पोतारायचं. हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

गावाच्या बाहेर, जिथून आंबागडचा किल्ला डोंगरावर स्पष्ट दिसतो, तिथल्या शेवटच्या गल्लीत तिचं घर होतं. घर म्हणजे आता एक खोली आणि पुढची सपरी, म्हणजे पडवी. मागची खोली दोन वर्षांपूर्वी पावसाच्या झडीत बसली होती. नवरा त्याच्या आधीच गेला होता. मुलगी खुशबू वरठीला दिली होती. जावई कारखान्यात कंत्राटावर, दोन लेकरं, भाड्याची एक खोली. तिथे आईला कुठे ठेवणार? म्हणून पावसाळ्यात आभाळ भरून आलं की गिरजाबाई गोधडी बगलेत मारून समाजमंदिरात झोपायला जायची. त्याआधी वासुदेवरावांच्या दारात उभं राहून किल्ली मागायची. वासुदेवराव समाजमंदिराच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी किल्ली कधी नाकारली नाही. पण देताना म्हणायचे, "पान्याचा अंदाज तुलेच बरोबर येते वो गिरजा, रेडिओले बी येत नाई." मग आत बसलेले चार लोक हसायचे आणि किल्ली सापडेपर्यंत ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची. घरकुल मिळालं तर तिला दुसरं काही नको होतं. ती किल्ली पुन्हा मागायची वेळ येऊ नये, एवढंच.

तळ्याकाठची छुई, म्हणजे पांढरी माती, तिने रात्रभर भिजत घातली. सकाळी सपरीची भिंत पोतारली, खालून गेरूचा पट्टा ओढला, अंगणात शेणाचा सडा घातला. शेजारच्या साधनाकडून प्लास्टिकची खुर्ची आणली, कोणाकडून स्टीलचे पेले. मागच्या भिंतीला मात्र हात लावला नाही. मागची खोली पडल्यापासून ती भिंत उघडी पडली होती आणि बाहेरच्या बाजूला पोट काढून उभी होती. दोन लाकडी बल्ल्यांचा टेका लावला होता म्हणून उभी होती. ओल्या मातीचं वजनही तिला पेललं नसतं. शिवाय तिकडे कोण जाणार होतं? घराच्या कडेने मागे जाणाऱ्या सांदवाडीच्या तोंडाशी तुराट्यांचा कूड होता आणि कुडावर गिरजाबाईने जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला ती भिंत पडू नये म्हणून.

साहेब म्हणजे प्रफुल्ल, पंचायत समितीत कंत्राटावर लागलेला तरुण इंजिनिअर. दिवसभरात त्याला बरीच गावं उरकायची होती. त्याने रस्त्यावरूनच मोबाईल धरला, गिरजाबाईला दारात उभं केलं, फोटो घेतला. मग तिच्या आग्रहाखातर खुर्चीवर बसून चहा प्यायला आणि घर छान ठेवलंय मावशी, असं म्हणून गाडीला किक मारून गेला. साहेबाने घराला नावाजलं, हे गिरजाबाईने पुढे आठवडाभर गल्लीत सांगितलं.

मग एका दुपारी साधना आली. साधना या वॉर्डाची ग्रामपंचायत सदस्य. पहिल्यांदाच निवडून आली होती. गिरजाबाईचं नाव घरकुलासाठी लावून धरलं ते तिनेच. ग्रामसभेत वासुदेवराव म्हणाले होते की समाजमंदिर समाजासाठी आहे, ती धर्मशाळा नाही, तेव्हा "काकी समाजात येत नाई का जी?" असं विचारून तिने सगळी सभा गप्प केली होती. आज ती स्वतःच गप्प होती. तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर गिरजाबाईचं घर होतं, पांढरं शुभ्र, लाल पट्ट्याचं, दारात लाल खुर्ची. घर राहण्याजोगं आहे, असा शेरा पडला होता आणि नाव कटलं होतं.

"काकी, हे काय केलं वो तुमी?"

"काय केलं?"

"घर काहून पोतारलं?"

गिरजाबाईला प्रश्नच कळला नाही. "मंग? सायेब येनार होता. त्याले उकिरड्यात बसवतो का?"

साधना खाली बसली. तिला रागही आला होता आणि या बाईपुढे राग धरताही येत नव्हता. तिने समजावून सांगितलं की फोटो घर पडकं आहे हे दाखवायला घेतात, नीटनेटकं आहे हे दाखवायला नाही. गिरजाबाई ऐकत राहिली. शेवटी तिने एवढंच विचारलं, की मग सरकारला पाहुणा म्हणून यायचं होतं की चोरासारखं.

साधनाने हार मानली नाही. दोनदा तालुक्याला गेली, ग्रामसभेचा ठराव जोडला, फेरतपासणी मागून आणली. साहेब पुन्हा येणार हे पक्कं झालं तेव्हा तिने गिरजाबाईला बजावलं, "या खेपेस झाडू बी लावू नका काकी. हात जोडतो."

बातमी गल्लीत पसरली आणि संध्याकाळी जो तो आपापला शहाणपणा घेऊन आला. समोरचा धनीराम म्हणाला, "वैनी, माह्या दोन्ही म्हशी आनून सपरीत बांधतो. फोटोत तेच दिसतीन. सायेब म्हनन, बाई कुठी हाये?" कोणी फाटकी ताडपत्री आणून छपरावर टाकली. कधी कोणाला चाळणीही उसनी न देणारी म्हातारी मनकर्णाबाई आपलं फाटकं लुगडं द्यायला स्वतः चालत आली आणि ते दोरीवर कसं टांगावं हेही सांगून गेली. धनीरामने दोन बादल्या पाणी पुढच्या भिंतीवर मारलं. पोतारा ओघळला, गेरूचा पट्टा विस्कटला. सगळी गल्ली मागे सरून पाहत उभी राहिली. आता बरोबर दिसते, असं सगळ्यांचं मत पडलं. लग्नाचा मांडव सजवावा तशी त्यांनी ती सपरी बिघडवली होती, आणि मनापासून. गिरजाबाईने सगळ्यांना चहा केला.

सकाळी दार उघडून ती बाहेर आली. समोर तिचीच सपरी होती, पण ओळखू येत नव्हती. तिने थोडा वेळ ती पाहिली. या घरात लग्न होऊन आल्यापासून, बाळंतपणात, सुतकात, नवरा गेला त्या वर्षीही, पाहुणा यायच्या दिवशी अंगण असं कधी राहिलं नव्हतं. घर पडकं होतं हे खरं. पण ते असं पडकं नव्हतं. तिचं खरं दुःख वेगळ्या जागी होतं आणि हे दुसऱ्याच कोणाचं तिच्या दारात आणून ठेवलं होतं.

तिने ताडपत्री काढली, घडी केली. मनकर्णाबाईचं लुगडं दोरीवरून उतरवलं. मग बादली घेतली.

साधना प्रफुल्लला घेऊन आली तेव्हा सडा अजून ओला होता. भिंतीवरचा पोतारा वाळत आला होता. साधनाचे पाय अंगणाच्या कडेलाच थांबले. इतक्या दिवसांची धावपळ तिच्या डोळ्यांपुढून गेली. प्रफुल्लने गाडी उभी केली, भिंतीकडे पाहिलं, मोबाईलमधल्या जुन्या फोटोकडे पाहिलं.

"मावशी, मागच्या वेळीही असंच होतं," तो म्हणाला. आवाजात वाईटपणा नव्हता. जे दिसतं तेच मला टाकावं लागतं, असं त्याने साधनाला सांगितलं. साधनाने बोलायला सुरुवात केली. पावसाळ्यात ही बाई कुठे झोपते, कोणाच्या दारात उभी राहते, हे ती सांगू लागली आणि तिचा आवाज चढत गेला. प्रफुल्ल ऐकून घेत होता, पण समाजमंदिरात झोपण्याचा फोटो काढायची सोय त्याच्या मोबाईलमध्ये नव्हती.

"साधना, थांब वो," गिरजाबाई म्हणाली.

ती प्रफुल्लकडे वळली. बोलण्याआधी तिने पदर सारखा केला.

"सायेब, पुढून पाहुन्याले दाखवाचं असते. आमी रायतो ते मांगं हाये. या इकडे."

तिने कुडावरचं लुगडं ओढून काढलं, तुराट्या बाजूला केल्या आणि सांदवाडीत शिरली. मागून प्रफुल्ल, त्याच्या मागून साधना. साधना इतकी वर्षं शेजारी राहत होती, पुढच्या अंगणात रोज येत होती. या बाजूला ती कधी आली नव्हती. कोणीच आलं नव्हतं.

भिंत छपरापासून सरळ निघत होती, मग मध्यावर फुगली होती, गाभण गायीसारखी. खाली पायाशी माती झडून आत खोबण पडली होती. छपरावरची मातीची कवेलू खाली घसरायच्या बेतात होती. दोन बल्ल्या दोन बाजूंनी तिरक्या लावल्या होत्या. एकीच्या बुडाला वाळवी लागली होती. पडलेल्या खोलीची माती तशीच ढिगाने पडून होती आणि तिच्यावर पावसाळ्यातलं तरोट्याचं रान वाळून उभं होतं.

प्रफुल्लने नीट पाहायला हात पुढे केला.

"हात नोका लावू जी."

त्याने हात मागे घेतला. खिशातून दोरी काढली, टोकाला गाडीची किल्ली बांधली आणि हात उंच करून ओळंब्यासारखी वरून सोडली. दोरी भिंतीच्या पोटाला टेकून खाली आली, आणि तिथून पुढे भिंत सोडून मोकळी लोंबकळू लागली. किल्ली हलायची थांबली तेव्हा ती भिंतीच्या पायापासून चांगली वीतभर बाहेर होती. प्रफुल्ल ते अंतर पाहत राहिला. मग त्याने आत कोण झोपतं ते विचारलं.

"याच भिंतीले लागून माही खाट हाये. दुसरीकडे जागाच नाई."

फोटोत घरमालक लागतो, म्हणून त्याने तिला भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नाही, तिथे नको. बाजूला, अजून बाजूला." गिरजाबाई सरकली. पायाशी एक फुटका माठ पडला होता. तो उचलून नेण्यासाठी ती वाकली.

"काकी," साधना म्हणाली.

गिरजाबाईने तिच्याकडे पाहिलं. माठ हातात आलाच होता. तो तिने पाठीमागे धरला आणि फोटो होईपर्यंत तशीच उभी राहिली.

त्या दिवशी प्रफुल्लची पुढची गावं राहून गेली. साधनाने त्याला नाव कटलेल्या आणखी दोन-तीन घरांकडे नेलं. सगळीकडे पुढून सारवलेलं होतं. सगळीकडे त्याने आधी विचारलं, मागं जाऊ का?

गिरजाबाईचं नाव जेठ महिन्यात आलं. पाया खणायचा तर जुनं घर उतरवणं भाग होतं. धनीरामने कवेलू काढून रचली, बल्ल्या काढल्या आणि लांबून बांबू लावला. फारसा जोर द्यावाच लागला नाही. चिखलात म्हैस बसावी तशी भिंत खाली बसली. मग सपरीची पाळी आली. तिची ढेकळं फुटली तेव्हा त्यांत पोताऱ्याचे थर दिसले, पांढऱ्यावर पांढरा, मधे गेरूचा, पुन्हा पांढरा, बोटभर जाड. दिवाळीचे, मंडईच्या जत्रेचे, खुशबूच्या लग्नाचे. सगळ्यांच्या वर साहेबाचे.

"वैनी," धनीराम म्हणाला, "भिंत कायची, पोताराच उभा होता."

गिरजाबाई हसली. ती माती वाया जाऊ दिली नाही. नव्या पायाच्या भरणात तीच टाकली, टोपल्याटोपल्याने.

पण आता तिला एक खोलीही उरली नव्हती, आणि स्लॅब पडायला पावसाळा उलटणार होता. साधनाने ग्रामसभेत दोन गोष्टी मांडल्या. एक, घराची पाहणी यापुढे चारही बाजूंनी व्हावी, आणि पंचायतीचं माणूस सोबत असावं. दुसरी, स्लॅब पडेपर्यंत समाजमंदिराची किल्ली गिरजाबाईकडेच राहावी. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला आभाळ पाहून कोणाच्या दारात जावं लागू नये, असं ती म्हणाली. पहिली लगेच मंजूर झाली. दुसरीवर लोक वासुदेवरावांकडे पाहू लागले. त्यांनी बराच वेळ टोपी नीट केली. मग सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "साफ तरी राहीन," ते म्हणाले.

गिरजाबाईने खाट, पेटी आणि गोधड्या समाजमंदिरात नेल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती झाडू घेऊन बाहेर आली. समाजमंदिराच्या पुढचा ओटा चकचकीत फरशीचा होता. त्याला काही करायची गरज नव्हती. ती वळसा घालून मागे गेली. तिथे आजवरच्या सगळ्या लग्नांच्या पत्रावळी, थर्माकोलचे पेले, बाटल्या, सडलेली फुलं भिंतीला लागून कमरेइतकी साचली होती.

वासुदेवराव सकाळचे शेताकडे निघाले होते. आवाज ऐकून ते कोपऱ्यावर थांबले.

"मांगं कायले झाडून राहिली वो? तिकडे कोन पाहते?"

गिरजाबाईने मान वर केली नाही. तिने पत्रावळींचा पहिला ढीग ओढून बाजूला केला.

"मले दिसते ना जी," ती म्हणाली.