उस्मानच्या टेबलावरचा दुसरा सुरा

माझ्या नवऱ्याने सुरा फेकला तेव्हा सकलैन त्याच्यासाठीच नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गीत, म्हणत होता. सुरा पोराच्या कानाजवळून गेला आणि दाराच्या चौकटीत रुतला. उस्मान म्हणाला, "थांबलास का? म्हण पुढे." आणि तो मूर्ख खरंच पुढे म्हणू लागला!

ओमानमध्ये, बरक्याच्या मासळीबाजारात उस्मानचं मासे कापायचं टेबल होतं. सकलैनला त्यानेच रत्नागिरीहून आणलं, सुरमईचे तुकडे पाडायला शिकवलं. पोराचा हात बसला आणि उस्मानच्या पोटात दुखायला लागलं. ओमानी बायका उस्मानसमोरची माशांची पिशवी उचलून सकलैनपुढे ठेवायच्या. एक तर हसत म्हणाली, "अर्बाब," तिकडे मालकाला असंच म्हणतात, "तुझी एक होईपर्यंत ह्याच्या दहा होतात." तिच्यासमोर उस्मानही हसला. घरी येऊन जेवणाचं ताट भिरकावलं.

त्यात त्याला डोकेदुखी. कपाळ ठणकायला लागलं की सकलैनला बोलवायचं, त्याने नात म्हणायची, मग साहेबांना झोप. गोळ्यांनी होत नव्हतं ते त्या आवाजाने व्हायचं. उस्मानला हेही बघवत नव्हतं आणि त्याच्यावाचून चालतही नव्हतं.

माहेरी म्हसळ्याला आमच्या शेजारी एक यहुदी मावशी राहायच्या. त्या शौल राजाची गोष्ट सांगायच्या. दाऊद वीणा वाजवून त्याचं डोकं शांत करायचा आणि राजा त्याच्यावरच भाला फेकायचा. मावशींना दाऊदचं फार कौतुक. मला मात्र तेव्हाही वाटायचं, हा भाला उचलून परत का फेकत नाही?

दुसऱ्यांदा उस्मानचा नेम चुकला नाही. सकलैनच्या दंडाला ओढणी बांधताना मी म्हटलं, "गावी जा. तो मला म्हणालाय, पुढच्या खेपेला गळ्यावरच नेम धरीन."

"चाचांचं डोकं दुखत होतं, चाची. मनात काय नाय त्यांच्या."

"अरे, मरशील!"

"बापाने मारलं म्हणून पोरगा घर सोडतो काय?"

अशा माणसाला काय सांगायचं? माझंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उस्मान बाजारात आणि मुलं शाळेत असताना मी सकलैनला बोलावलं. सकलैनचा पासपोर्ट उस्मान आमच्या कपाटात ठेवायचा, तो आधीच काढून ठेवला होता. दार लावून घेतलं आणि म्हटलं, "आमच्या अदीबावर नजर ठेवतोस? ज्या घरात जेवतोस त्याच घरात?"

माझी लेक अदीबा समोर आली तर हा मान वर करत नसे. तिला बहीण म्हणायचा. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तेच बोलले.

"चाची, तुम्ही असं बोलता?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मी पासपोर्ट त्याच्या पायाशी फेकला. "उस्मानच्या कानावर जायच्या आत चालता हो."

तो गेला. संध्याकाळी उस्मान डोकं धरून बसला आणि म्हणाला, "सकलैनला बोलव." मी म्हटलं, "गेला." त्याने कपाट उघडून पाहिलं आणि मग मला मारलं. पुढे सकलैनच्या वाट्याचंही माझ्याच वाट्याला आलं.

दोन-तीन वर्षांनी सकलैन गावाहून परत दुसऱ्या अर्बाबाकडे, ओमानमध्येच इब्रीला आल्याचं कळलं. तिथे त्याचं चांगलं बस्तान बसलं. दोन हजार सातमध्ये उस्मान वारला, तेव्हा तो गाडी करून आला. जनाज्याला खांदा दिला. लहान पोरासारखा रडला. मी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, पडद्याआड. आमच्या मुलाला, अरमानला तो म्हणाला, "तुझे अब्बा माझे बाप होते. त्यांनीच मला रोटीला लावलं."

अरमान म्हणाला, "अम्मी आत हाय. सलाम सांगू?"

"नको," म्हणाला आणि चपला घालायला लागला.

मला इतका राग आला! उस्मानने मारलं तेव्हाही आला नव्हता. पडदा ओढून बाहेर यावं आणि विचारावं, तुझा जीव कुणी वाचवला रे, गाढवा? पण अदीबा मला टेकून बसली होती, आणि मी तिचं नाव कशाला वापरलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. मी बसून राहिले. बाहेर गाडी सुरू झाली आणि इब्रीच्या रस्त्याला लागली.