कढीपत्त्याची खोली

माझे यजमान राजन रिटायर झाले आणि या महिन्यात आमचा व्हिसा खलास. दुबईतल्या अल मनखूलच्या घराच्या बाल्कनीतल्या कुंड्या मी शेजारणींना वाटत होते, तेवढ्यात टोरांटोहून लेकीचा, ईशानीचा व्हिडिओ कॉल आला.

"मम्मा, इकडे उद्या फ्रॉस्ट आहे! तू दिलेला कढीपत्ता मी आत घेतला. बिचारा बाहेर मरेल ना!"

तिने फोन फिरवला. हीटरशेजारी, खास दिव्याखाली कढीपत्ता ऐटीत उभा होता. खोली मी लगेच ओळखली. घर घेताना हीच दाखवून ती म्हणाली होती, "ही तुम्हा दोघांची."

"मग आम्ही कधी यायचं?" मी विचारलं.

"मम्मा, बी प्रॅक्टिकल. तुम्ही पुण्यालाच जा. इथली थंडी तुम्हाला नाही सोसायची."

"मग आम्हालाही कुंडीत लाव की!" म्हणून मी फोन आपटला.