दावा धरणारं नाव

मित्रांनो, मी हजार वर्षांहून जुनं असं एक नाव आहे. जुनी छत्री, जुनी खुर्ची, जुनं घड्याळ तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तसलं काही ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी आहे ल्युदमिला. माझा अर्थ 'लोकांना प्रिय' असा आहे, पण लोक मला प्रिय आहेतच असं नाही. माझं ज्यांनी वाईट केलं, त्यांच्यावर मी दावा धरते.

ही सवय मला जन्मापासूनची. बोहेमिया नावाच्या देशात, स्लाव्ह लोकांच्या भाषेत, दोन साधे शब्द जोडून कोणीतरी मला घडवलं. 'लोक' आणि 'प्रिय' असे ते शब्द. तिथल्या राजघराण्यातल्या एका बाईला मी मिळाले. ती आपल्या नातवाला वाढवत होती, त्याला चांगलं शिकवत होती. सुनेला ते बघवेना. सुनेने दोन माणसं धाडली आणि त्यांनी म्हातारीच्याच ओढणीने तिचा गळा आवळला, असं सांगतात. त्यांना वाटलं, बाई संपली म्हणजे विषय संपला. पण लोकांनी तिला संत मानलं, तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या आणि आपल्या मुलींना माझ्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. सुनेच्या वाट्याला शतकानुशतकं शिव्या आल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग मी फिरत सुटले. पोलंडमध्ये गेले, बल्गेरियात गेले. जर्मन बोलणाऱ्यांनी मला लिहिताना एक 'ल' जास्तीचा घातला, तोही मी अंगावर मिरवला. रशियात मात्र मी फार उशिरा रुजले. आधी गोष्टींमधून आणि मग घराघरांतून. एक काळ असा आला की तिथल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक कारखान्यात कोणी ना कोणी ल्युदमिला असायचीच. त्यांच्यातलीच एक मला ठाण्याला घेऊन आली.

ठाण्याच्या एका कंपनीत रशियन यंत्रं बसवायला एक इंजिनियर आला होता, त्याची ती बायको. त्याच कंपनीत सहदेव नावाचा कोकणातला फिटर होता. एकसष्ट साली डिसेंबरात त्याची बायको तुळसा बाळंतपणात फार अडली. रक्त हवं होतं. रक्त दिलं की माणूस कायमचा निकामी होतो, अशी तेव्हा लोकांची समजूत, त्यामुळे सहदेवचे सगे एकेक करून हॉस्पिटलातून पसार झाले. ही परदेशी बाई मात्र मोटारीतून उतरली, बाही वर केली आणि खाटेवर आडवी झाली. तुळसा वाचली. मुलगी झाली. सहदेवने तिथेच ठरवून टाकलं, पोरीला याच बाईचं नाव द्यायचं.

नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या गंगुबाईने दुसरंच काहीतरी योजलं होतं. सहदेवने तिला माझा उच्चार ऐकवला तेव्हा ती वैतागली. "अरे, हे काय नाव आहे? माझ्या दातांत अडकतंय." पण तुळसा कशी वाचली ते तिला ठाऊक होतं. आठ दिवस ती भांडी घासताना, तांदूळ निवडताना मला घोकत बसली. बारशाला पाळण्यात वाकून, पोरीच्या कानात 'कुर्रर्र' करून तिने मला असं स्वच्छ उच्चारलं की मॉस्कोतही कोणी चूक काढली नसती. गंगुबाईचे उपकार मी विसरलेले नाही. उपकारही मी तितकेच लक्षात ठेवते.

पोर वाढली. शाळेत मुलं तिला "लाडू मिळाला का गं?" म्हणून चिडवायची आणि ती "मिळाला, तुला नाही देणार" म्हणून जीभ दाखवायची. माझी तिला कधी लाज वाटली नाही. मास्तरीण व्हायचं हे तिने चौथीतच ठरवलं होतं. पुढे तिने अध्यापिका विद्यालयातून डी.एड. केलं, चांगल्या गुणांनी केलं. प्रमाणपत्रावर मी ठळक शाईत होते. ती मला वाचून दाखवायची, कोणी खोलीत नसलं तरी.

सत्त्याऐंशी साली तिचं लग्न झालं. नवरा विश्राम, डोंबिवलीचा. स्वभावाने सरळ, आईपुढे मात्र शेळी. लग्नात ताटभर तांदूळ आले. तुम्ही पाहिलं असेल, त्या तांदळावर नवरा सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. विश्रामने आईकडे बघितलं. सासू हौसाबाई म्हणाली, "लिही, सुलक्षणा. ते परदेशी नाव आमच्या घरात नको. माझी जीभ वळत नाही." विश्रामने लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले. पंचवीस वर्षं जिच्या अंगाखांद्यावर मी वाढले, तिच्यावरून मला असं पुसलं आणि वर लोकांचं तोंड गोड केलं. त्या क्षणी मी हौसाबाईला नीट पाहून घेतलं.

पुढे रेशनकार्डावर सुलक्षणा आली, मतदारयादीत सुलक्षणा आली. मी प्रमाणपत्राबरोबर एका पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. पण माझी पोर चिवट. तिने शाळेच्या जागेसाठी अर्ज केला होता, अर्थातच माझ्या नावाने, कारण प्रमाणपत्र माझ्या नावाचं. मुलाखतही झाली. मग ती पत्राची वाट पाहू लागली. महिना गेला, वर्ष गेलं. आपण पडलो, असं समजून ती गप्प बसली. दुपारी गॅलरीत उभी राहून ती शाळा सुटल्यावर घरी जाणारी पोरं बघायची.

एक्क्याण्णव सालच्या नवरात्रात ती माहेरी ठाण्याला आली होती. टेंभी नाक्याच्या देवीला गेली, तिथल्या रांगेत तिला डी.एड.ची मैत्रीण शेवंती भेटली. शेवंती आंबिवलीच्या शाळेत शिकवत होती. ती म्हणाली, "काय गं, तू आलीच नाहीस नोकरीवर! यादीत माझ्या वरती तुझं नाव होतं."

"मला पत्रच नाही आलं."

"कसं नाही आलं? सगळ्यांना रजिस्टरने पाठवलेलं."

दुसऱ्या दिवशी ती कल्याणच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत गेली. तिथल्या काळुराम नावाच्या भल्या कारकुनाने जुनी फाईल उपसली आणि एक खाकी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. एकोणनव्वद सालचं. बंदच होतं. वर मी होते, खाली डोंबिवलीचा पत्ता होता, आणि आडवा शेरा होता: 'या नावाचे कोणी येथे राहत नाही, असे घरातील वडील स्त्रीने सांगितले.' काळुराम म्हणाला, "न्या तुम्हीच. आमच्या काय कामाचं आता?"

मित्रांनो, बोहेमियात माझ्या बाईचा गळा आवळला तेव्हा मला जेवढा संताप आला होता, तेवढाच त्या दिवशी आला. मी तिच्या कानाशी लागून म्हणत राहिले, सोडू नकोस, त्या सासूला सोडू नकोस.

तिने भांडण केलं नाही. फक्त सुलक्षणा या हाकेला ओ देणं बंद केलं. स्वयंपाक करायची, धुणी धुवायची, सासूची गुडघेदुखीची गोळी वेळेवर द्यायची. पण "सुलक्षणा" म्हटलं की ती भिंतीसारखी. "अगं ए" म्हटलं तरी तेच. विश्राम चौथ्या दिवशी शरण आला. सकाळी डबा घेताना इकडेतिकडे बघत त्याने मला हळूच उच्चारलं, आणि ती लगेच "काय हो?" म्हणाली. हौसाबाई मात्र हट्टाला पेटली. काही हवं असलं की उठून आत जायची आणि सुनेच्या खांद्यावर बोट टोचायची. दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसाला पन्नास खेपा. एकेक खेप मी मजेत मोजली.

असे तीन महिने गेले आणि संक्रांत आली. हौसाबाईचं हळदीकुंकू म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा सोहळा. बाहेरच्या खोलीत पंचवीस-तीस बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मधोमध हौसाबाई, मांडीवर तबक, बोटं हळदीकुंकवाने माखलेली. उठायला जागा नव्हती. वाणाच्या गाळण्या आत स्वयंपाकघरात होत्या, आणि सूनही तिथेच होती.

"सुलक्षणा, वाण आण गं!"

आतून आवाज नाही.

"सुलक्षणा! ऐकू येत नाही का?"

बायकांचं तिळगूळ चावणं थांबलं. तिसरी हाक मारताना हौसाबाईचा आवाज चिरकला. तेव्हा शेजारची मीराबाई, जी मनात काही ठेवतच नाही, ती म्हणाली, "अहो हौसाबाई, त्या नावाला ती ओ देत नाही, सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. तिचं नाव घ्या की सरळ! आम्ही काय रात्रीपर्यंत बसायचं?"

दोन-तीन बायका हसल्या. हौसाबाई लालबुंद झाली. मग ती म्हणाली, "ल्युदमिला, वाण आण."

काय स्वच्छ उच्चारलं तिने मला! कुठे अडखळली नाही, कुठे थांबली नाही. म्हणजे चार वर्षं जीभ वळत नव्हती ती थाप होती. मी तिला पहिल्या दिवसापासून येत होते.

"आले, आई," म्हणत माझी पोर गाळण्यांचं ताट घेऊन बाहेर आली. तिने एकेकीला वाण दिलं, वाकून नमस्कार केला. शेवटी सासूपुढे बसली आणि तिच्या ओटीत ते खाकी पाकीट ठेवलं.

"हे काय?" हौसाबाईने विचारलं. मीराबाईने वाट न बघता पाकीट उचललं आणि मोठ्याने वाचलं. आधी मला, मग पत्ता, मग शेरा. शेरा वाचता वाचता तिचा आवाज खाली आला.

"नोकरीचं पत्र होतं, शाळेतल्या," माझी पोर म्हणाली. "पोस्टमन दारात होता तेव्हा मी आत भाकऱ्या थापत होते."

हौसाबाईने पदर सावरला, कुंकू पदराला लागलं. "हो, मीच सांगितलं," ती म्हणाली. "खोटं काय बोलले? माझ्या घरात सुलक्षणा राहते. आणि एवढं काय झालं नावाचं? मलाही इथं आल्यावर दुसरं नाव दिलं. मी बोंबलले का?"

"तुमचं आधीचं काय होतं हो?" मीराबाईने विचारलं.

हौसाबाईने तबकातलं कुंकू बोटाने सारखं केलं. मग खाली बघत म्हणाली, "मालू. आई मालू म्हणायची."

बायकांचे डोळे पाणावले. तुमचेही पाणावले असतील. माझे नाही. मालू बिचारी निरपराध होती, तिच्याबद्दल मला वाईट वाटलं. पण स्वतःचं नाव गेल्यावर कसं वाटतं हे जिला पुरतं ठाऊक होतं, तिने दुसरीचं नाव दारातून हाकललं. न कळणाऱ्याला मी एकदा सोडलं असतं. कळणाऱ्याला कशी सोडू?

बायका भराभर उठल्या. काहींनी कुंकू लावून घेतलं नाही. पुढचे आठ दिवस मी पोटभर खूश होते. हौसाबाई भाजीला खाली उतरली की जिन्यात बोलणाऱ्या बायका गप्प व्हायच्या. घरात तिला दिवसातून वीस वेळा माझा उच्चार करावा लागायचा, आणि दर वेळी तिची मान थोडी खाली जायची.

नवव्या दिवशी माझी पोर चांगलं पातळ नेसून, पाकीट घेऊन पुन्हा कल्याणला गेली. चूक तिची नव्हती, तर जागा मिळेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. काळुरामने कागद वरखाली केले. त्याला सांगवत नव्हतं. "बाई, वयाची अट तीसची आहे. तुम्हाला डिसेंबरात तीस पूर्ण झाली. दिवाळीच्या आधी अर्ज केला असता, तर काहीतरी करता आलं असतं."

दिवाळीच्या आधी पाकीट तिच्या हातात होतं, मित्रांनो. नवरात्रातच मिळालं होतं. ते तीन महिने ती ओ न देण्यात गुंतली होती, आणि तिला गुंतवून ठेवणारी मी होते. अर्ज कर, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही.

ती घरी आली तेव्हा हौसाबाई दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"उशीर झाला म्हणाले."

हौसाबाईने चौकट धरली. तिला रडू फुटलं, खरंखुरं रडू. "ल्युदमिला," ती म्हणाली, "माझं चुकलं गं. फार चुकलं."

याच शब्दांसाठी मी चार वर्षं दबा धरून बसले होते. माझी पोर चपला काढत होती. ती दमली होती. तिने पाकीट पेटीत टाकलं आणि वर न बघता म्हणाली, "जाऊ दे, आई. आता मला काहीही म्हणा. सुलक्षणा म्हणा, चालेल."

हौसाबाईला मी अजून माफ केलेलं नाही. माफ न केलेल्यांच्या यादीत आता माझंही नाव आहे. मित्रांनो, तुमच्या दाराशी पोस्टमन आला आणि त्याने घरातल्या कोणाचं नाव विचारलं, तर त्या माणसाला आतून हाक मारा, आणि सही त्यालाच करू द्या. आणि कोणी तुमचं असं पत्र परतवलंच, तर भांडण नंतर करा. आधी अर्ज करा.